आधी कोण उठणार?

भिंगरीला कोणी ‘गुणाची पोर’ म्हटलं की तिला तिथून पळ काढावासा वाटायचा. आणि म्हणायचे तर सगळेच. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणायचा, औषधाच्या दुकानातली बाई म्हणायची, आणि लिफ्टपाशी भेटणारा तो निवृत्त बँकवाला तर असे डोळे मिटून मान हलवायचा, जणू ती जिवंत पोर नव्हे, भिंतीवरचा फोटो आहे. ‘गुणाची पोर हो! अपंग आईचं सगळं करते, आणि वर युनिव्हर्सिटीत शिकते!’ एवढं बोलून तो एकटाच लिफ्टने वर जायचा, आपल्या मजल्यावर उतरायचा आणि लिफ्टचं दार सताड उघडं टाकून घरात जायचा. मग लिफ्ट तिथेच अडकायची, आणि गुणाची पोर व्हीलचेअर खाली सोडून जिने चढत दार लावायला जायची.

कौतुक फुकट असतं, म्हणून लोक ते सढळ हाताने वाटतात. हात लावायची वेळ आली की सगळ्यांच्या पाठीत उसण भरते.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरभर गरगरायची म्हणून आईने ठेवलेलं. आई ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. अर्ध्या शहराला तिने गाडी शिकवली होती, आणि उरलेलं अर्धं शहर त्या अर्ध्यापासून जीव वाचवत फिरायचं. घाबरट शिकाऊ आला की आई त्याला धीरबीर देत बसायची नाही. भर चौकात म्हणायची, ‘अगंबाई, मला चक्कर येतेय हो! आता तुम्हीच काय ते बघा,’ आणि सीटला डोकं टेकून डोळे मिटायची. दुसऱ्याला सांभाळायची वेळ आली की माणूस स्वतःचं घाबरणं विसरतो, हा तिचा सिद्धांत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो ती दाबायला तयारच असायची. पण डोळे मिटलेल्या बाईच्या पायांकडे कोण बघतंय? मुकाट गाडी चालवायचे लोक. चालवता यायला लागायची.

मग एके दिवशी खरीच चक्कर आली. डाव्या अंगावरून वारं गेलं. शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलाला मित्रांनी बाईंची ही युक्ती आधीच सांगून ठेवली होती. तो मनात हसला आणि मोठ्या हिमतीने तीन चौक पार करून, गाडी रेघेला समांतर लावून म्हणाला, ‘जमलं ना मॅडम?’ त्याला लायसन मिळालं. आईला व्हीलचेअर.

वडील? होते की. दुसऱ्या गावात, दुसऱ्या बायकोबरोबर. त्यांनी ‘लवकर बरी हो’ अशी चिठ्ठी लावून फुलं पाठवली. आईने उजव्या हाताने ती फुलं हुंगून बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘चला, अर्धी मेल्यावर का होईना, सुचलं.’ देवाने डावं अंग नेलं तरी जीभ मात्र शाबूत ठेवली होती. ती नेली असती तर बऱ्याच नातेवाइकांना सोयीचं झालं असतं.

आता भिंगरीचं. डिप्रेशन म्हटलं की लोकांना खिडकीशी बसलेली, डोळ्यांत पाणी तरळणारी, केस वाऱ्यावर उडणारी मुलगी दिसते. भिंगरीच्या डोळ्यांत काही तरळत नव्हतं आणि केस उडायला आधी ते धुतलेले असावे लागतात. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि रंगाचा पोपडा उडालेली एक जागा होती, तिच्याकडे बघायची. उठायचं म्हणजे पांघरूण काढा, पाय खाली सोडा, ब्रश शोधा, ट्यूब दाबा. एवढी सगळी कामं माणसं रोज करतात आणि वर हसतात कशी, याचंच तिला नवल वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या भिंगरी आठवतील तशा घ्यायची, आणि आठवायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र तिला उठवायची. रोज सकाळी पलीकडच्या खोलीतून हाक यायची, ‘भिंगरे, मला उठव गं!’

ही हाक टाळता येत नाही. भिंतीला काय, तुम्ही बघितलं नाही तरी ती पडत नाही. आईला बाथरूमला न्यावंच लागतं. मग भिंगरी उठायची. आईला कुशीवर वळव, पाय खाली सोड, खांद्याखाली हात घालून खुर्चीत बसव, आंघोळ घाल, पाठ पूस, मोजे चढव. तेवढ्यात आईला टॉवेल दुसरा हवा असायचा, मग पंखा बारीक हवा असायचा, मग ‘आता आलीच आहेस तर दोन घास खाऊन घे’ व्हायचं. भिंगरी धावतपळत युनिव्हर्सिटीत पोचेपर्यंत रसायनशास्त्राच्या लॅबचं दार बंद झालेलं असायचं. आठाचं प्रॅक्टिकल. आठनंतर देव आला तरी दार उघडत नसे, आणि देवाकडे एप्रन नसेल तर आठच्या आधीही नाही.

शेवटी विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं.

‘या, या. मातोश्री कशा आहेत?’ सर म्हणाले. सरांना दुसऱ्यांच्या आयांबद्दल फार आदर होता. ‘तुमच्यासारख्या मुली हल्ली दुर्मीळ.’

‘ठीक आहे आई, सर.’

‘छान. तर, तुमची प्रॅक्टिकल्स फार बुडाली आहेत. यापुढे आणखी एक जरी बुडलं तरी परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं असंच समजा.’

‘सर, सकाळी आईला उठवायचं, आंघोळ घालायची, त्यात—’

‘मला का कळत नाही? मलाही आई होती.’ हे वाक्य सरांनी असं म्हटलं, जणू बाकीचे लोक झाडाला लागतात. ‘पण पालकांच्या आजारपणासाठी नियमात सोय नाही हो. मी तरी काय करणार? बरं, ते जाऊ दे. पुढच्या महिन्यात आपला ‘मन प्रसन्न सप्ताह’ आहे. त्यात तुम्ही बोला. विषय ठरलाय, ‘संकटातून स्मिताकडे’.’

‘मी?’

‘अहो, तुम्ही प्रेरणास्थान आहात!’

प्रेरणास्थानाला त्या क्षणी बसल्याबसल्या टेबलावर डोकं ठेवून झोपायचं होतं.

तेव्हाच खरं सांगून टाकायचं होतं ना तिने? सर, आईचं अर्धं कारण, माझं अर्धं. हाक आली नाही तर मी दिवसभर उठणार नाही. पण आईचं कारण सांगितलं की माना हलतात आणि स्वतःचं सांगितलं की भुवया उडतात, हे तिला अनुभवाने कळलं होतं. एकदा ती ‘मनमोकळं केंद्रा’त जाऊन आली होती. दारावर हसऱ्या सूर्याचं चित्र, त्याखाली ‘बोला, आम्ही ऐकतोय’, आणि त्याखाली, आठवड्यातले बरेचसे दिवस, कुलूप. उघडं सापडलं त्या दिवशी आतल्या मॅडमनी फोनवर बोलत बोलत तिला सल्ला दिला, ‘रोज सकाळी आरशात बघून स्वतःशी हसायचं.’ भिंगरीने करून बघितलं. आरशातली मुलगी तिच्याकडे अशी बघत राहिली, जशी बसमध्ये शेजारी नको असलेल्या माणसाकडे लोक बघतात. दोघींनी तो विषय तिथेच संपवला.

रविवारी मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती घरात शिरली की आधी अत्तर शिरायचं, मग सल्ला, मग मावशी.

‘काय अवतार केलायस गं!’ ती भिंगरीला म्हणाली. ‘तरुण मुलीने कसं टवटवीत राहावं! हे डिप्रेशनबिप्रेशन आमच्या वेळी नव्हतं बाई.’

‘होतं,’ आई पलंगावरून म्हणाली. ‘तेव्हा त्याला तुझा नवरा म्हणायचे.’

‘बघ! अंगावरून वारं गेलं तरी पीळ जात नाही हिचा!’ मावशीने पर्स ठेवली. ‘सरक गं भिंगरे, आज मी बसवते ताईला खुर्चीत. त्यात काय एवढं? तुम्ही उगाच बाऊ करता.’

तिने आईचा डावा हात धरून खेचला.

‘अगं तो हात आहे, हँडब्रेक नाही!’ आई ओरडली आणि तिने अंग असं सैल सोडलं, की मावशीच पलंगावर आडवी झाली आणि आई तिच्यावर. भिंगरीने दोघींना सोडवलं. आई आज नेहमीपेक्षा दुप्पट जड लागली. मावशीचा अंबाडा सुटला होता आणि आईच्या चेहऱ्यावर, आश्चर्य म्हणजे, समाधान होतं.

मावशीने दम खाल्ला, पाणी प्यायली आणि मुद्द्यावर आली. ‘ताई, मी स्पष्टच सांगते. हिचं शिक्षण थांबव. एक वर्ष घरी बसली तर काही आभाळ कोसळत नाही. आईपेक्षा का रसायनं मोठी आहेत?’

‘मग तू ये की माझं करायला.’

‘मी आले असते गं, पण माझे गुडघे!’

मावशीच्या गुडघ्यांचं कसं होतं, की ते लग्नाच्या हॉलमध्ये दुखत नसत.

पण भिंगरीच्या मनात ते वाक्य जाऊन बसलं. घरी बसायचं. लॅब नाही, सर नाहीत, धावाधाव नाही. फक्त हाक आली की उठायचं, मग परत भिंत. आणि गंमत म्हणजे कोणी नावं ठेवणार नाही. उलट गुणाची पोर आणखी गुणाची होईल. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्याच क्षणी ती घाबरली. कारण शाळेत पहिल्यांदा निळ्या पाण्यात दोन थेंब टाकून ते लाल झालेलं बघून ती वर्गात बाकावर उभी राहिली होती आणि शिक्षा झाली तरी खाली बसली नव्हती. ती मुलगी आत अजून कुठेतरी असेल तर तिला परत आणायची एवढी एकच वाट उरली होती, आणि ती सोमवारी आठ वाजता बंद होणार होती.

‘शिक्षण व्यवस्थित चाललंय तिचं,’ आई मावशीला ठणकावून सांगत होती. ‘हो ना गं?’

‘हो,’ भिंगरी म्हणाली.

सोमवारी गजर झाला. तो तिने बंद केला. परत झाला, परत बंद केला. नंतर आईची हाक आली तेव्हा ती उठली, आणि घड्याळ बघून तिची पाचावर धारण बसली.

‘आई, आज जरा पटापट.’

‘हळू गं, हळू. हा मोजा उलटा घातलायस.’

‘राहू दे उलटा!’

‘का, आज आहे काय एवढं?’

‘काही नाही.’

‘मग काही नाही तर घाई कसली? तो टॉवेल दे. हा नको, तो मऊ. आणि पाव भाजून घे, उभ्याउभ्या तरी खा काहीतरी.’

भिंगरीने पाव तोंडात धरला, पिशवी उचलली आणि पळत सुटली. बसथांब्यावर बस समोरून येताना दिसली तेव्हा तिने पिशवी चाचपली. एप्रन नव्हता. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं, तिने ड्रायव्हरकडे बघितलं, बस गेली. भिंगरी घराकडे पळाली. लिफ्ट अर्थातच बँकवाल्याच्या मजल्यावर दार उघडून बसली होती. ती जिने चढली, किल्लीने दार उघडलं आणि थांबली.

आई ओट्याशी उभी होती.

उजव्या हातात उलथनं, डावा कोपर ओट्याला टेकवलेला, बगलेशी चार पायांची काठी. तव्यावर अंडं. रेडिओवर कोणी बाप्या भसाड्या आवाजात गात होता आणि आई त्याहून भसाड्या आवाजात त्याला साथ देत होती.

भिंगरीने आईकडे बघितलं. आईने भिंगरीकडे. मधे अंडं तडतडलं.

‘एप्रन विसरलीस वाटतं,’ आई म्हणाली.

‘कधीपासून?’

‘आत्ताच. म्हटलं बघावं, जमतंय का—’

‘एका हाताने अंडं फोडलंयस तू. कवचाचा एक तुकडा आत नाही. हे आत्ताच जमत नाही, आई.’

आईने गॅस बारीक केला. ‘बरं. झाले काही महिने. मुरगळ्याने शिकवलं.’ मुरगळ्या म्हणजे हातपाय वाकवून घ्यायला दुपारी येणारा फिजिओ. हेही आईनेच ठेवलेलं नाव. ‘तुला सांगू नको म्हणून त्याला शपथ घातली होती. चांगला मुलगा आहे. फार खोटं बोलवत नाही त्याला, म्हणून तू असताना तो येत नाही.’

‘आणि रोज सकाळी ते? कुशीवर वळव, पाय सोड, टॉवेल हा नको तो? सगळं नाटक?’

‘मोजे खरंच अवघड आहेत.’

‘आई!’ भिंगरी एवढी ओरडली, की रेडिओवरचा बाप्या गप्प झाल्यासारखा वाटला. ‘माझं वर्ष चाललंय! रोज उशीर झाला, रोज दार बंद. आज शेवटची संधी होती, आज! आणि तू मला मऊ टॉवेल आणायला पाठवतेस!’

आईचा चेहरा पडला. खरा पडला. ‘तू तर म्हणालीस व्यवस्थित चाललंय.’

‘तू तर म्हणालीस उठता येत नाही!’

झालं! म्हणजे एका घरात दोन खोटारड्या, आणि दोघींना वाटतंय की आपणच दुसरीला सांभाळतोय. खाण तशी माती, दुसरं काय.

आई हळूच स्टुलावर टेकली. ‘ऐक. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तू पडलेली होतीस. हाक मारली, उठली नाहीस. जेवायला बोलावलं, उठली नाहीस. डॉक्टरीण झाली, गोळ्या झाल्या, मावशीचं भाषण झालं. तू तशीच. आयाबाई तेव्हा माझं सगळं करायच्या, आणि मी खुर्चीत बसून तुझ्या पाठीकडे बघायचे. एकदा त्या बाहेर गेलेल्या, मी बाथरूमच्या दारात घसरले. ‘भिंगरे, मला उठव!’ म्हणून किंचाळले. तू धावत आलीस. त्या दिवशी तू आंघोळ केलीस, पाव खाल्लास. मी दुसऱ्याच दिवशी आयाबाईंना नको म्हणून सांगितलं.’

‘आणि मग चक्कर आल्याचं सोंग.’

‘हो.’

‘मी काय तुझी शिकाऊ आहे?’

‘सगळ्यांत घाबरट.’ आईचा आवाज बारीक झाला. ‘तुला उठवायला मला पडून राहावं लागत होतं, तर पडले. त्यात माझं काय गेलं? मला वाटलं, तू उठतेस, जातेस, शिकतेस. मला कुठे माहीत होतं की दार बंद होतं?’

भिंगरी जमिनीवर बसली. तिला आईचं काळीज दिसत होतं, नाही असं नाही; पण त्या क्षणी ते काळीज घेऊन खिडकीतून फेकून द्यावं असंच वाटत होतं. सगळे महिने तिने एकाच खुंटीला स्वतःला टांगलं होतं, आणि ती खुंटी ओट्याशी उभी राहून अंडी तळत होती.

‘मग आता,’ ती म्हणाली, ‘मी कोणासाठी उठू?’

अंडं करपलं. आईने हात लांबवून गॅस बंद केला.

‘चल,’ आई म्हणाली, ‘खुर्ची काढ. मी येते तुझ्याबरोबर. तो तुझा विभागप्रमुख माझ्याकडेच शिकलाय. अजून उजवीकडे वळताना डावीकडचा दिवा लावतो. बघतेच मी त्याच्याकडे.’

‘नको.’

‘अगं पण—’

‘नको म्हटलं ना! पायाशी ब्रेक घेऊन माझ्या शेजारी बसायचं नाही आता!’

ती उठली. कशी उठली ते तिलाच कळलं नाही, रागाने उठली. राग फार बदनाम आहे, पण कितीतरी महिन्यांत तिला नीट असं काही वाटलं असेल तर ते हेच. तिने खुंटीवरचा एप्रन ओढला आणि दार असं आपटलं, की खालच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

लॅबचं दार बंदच होतं. काचेतून आतल्या माणसाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. भिंगरी सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

सरांनी तिच्याकडे बघून लगेच चेहरा दुःखी केला. त्यांना तो सरावाने येत असे. ‘अरेरे! मातोश्री...?’

‘आई ठणठणीत आहे. अंडं तळतेय.’

‘मग उशीर?’

‘मी उठत नाही, सर. मला डिप्रेशन आहे. इतके दिवस मी आईचं कारण पुढे केलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडते आणि उठत नाही.’

सरांची खुर्ची बोटभर मागे सरकली, जणू ते हवेतून पसरतं. भुवया ठरल्याप्रमाणे उडाल्या. ‘म्हणजे... आळस?’

‘आळशी माणसाला पडून राहण्यात मजा येते, सर. मला येत नाही.’

सरांना मोठा धक्का बसला होता. देव्हाऱ्यात ठेवलेली मूर्ती उठून शिंकावी तसा. मग त्यांनी चष्मा लावला आणि नाइलाजाने म्हणाले, ‘असं असेल तर दुपारच्या तुकडीत या. आजचं धरून बुडालेली सगळी प्रॅक्टिकल्स तिथे भरून काढता येतील. डॉक्टरांचा दाखला लागेल.’

भिंगरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ‘दुपारची तुकडी आहे?’

‘पहिल्यापासून आहे.’

‘मग मला सांगितली का नाही?’

‘ती विद्यार्थी स्वतः आजारी असेल तर. पालक आजारी असतील तर नाही. तुम्ही आजारी आहात असं कुठे म्हणालात? तुम्ही तर—’ सरांना शब्द आठवला आणि त्यांनी तो गिळला.

‘प्रेरणास्थान होते.’

‘हं. त्या भाषणाचं आता राहू द्या. आम्ही दुसरं कोणीतरी बघतो. जरा... हसतमुख.’

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर भिंगरी खरोखरच हसली. आरशाशिवाय, एकटीच, जोरात. मनमोकळं केंद्राच्या दारावरचं कुलूप तेवढं तिच्याकडे बघत होतं. धन्य ते विद्यापीठ! जिथे खरं बोललं की भाषणातून सुटका होते आणि वर दुपारची तुकडी मिळते, तिथे लोक खोटं बोलतात तरी कशाला?

डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला. ‘गोळ्या घेतेस?’ त्यांनी विचारलं.

‘आठवतील तशा.’

‘आठवतात?’

‘नाही.’

‘निदान खरं तरी बोललीस,’ त्या म्हणाल्या आणि तिला पुढच्या आठवड्यात परत बोलावलं.

घरी आल्यावर तिने आईला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आणखी बोलायची तिची इच्छा नव्हती. राग अजून कोमट होता. आईने ऐकून घेतलं, मग चाचरत म्हणाली, ‘म्हणजे उद्या सकाळी तुला उठायचं काही कारणच नाही.’

‘नाही.’

‘मी हाक मारू?’

‘मारायची नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. काठीचे ठोके आले. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग चमचा पडला. मग दुसरा चमचा पडला. मग आई खोकली, असं खोकली की शेजारच्या इमारतीत कोणी आजारी असेल तर तो उठून बसावा.

‘आई,’ भिंगरी भिंतीकडे तोंड करून ओरडली, ‘कळतंय मला!’

‘अगं खरंच ठसका लागलाय!’

‘मग पाणी पी!’

भिंगरी पडून राहिली. तिने मनाशी कारणं शोधून बघितली: भविष्य, शिक्षण, स्वतःवर प्रेम वगैरे, जे काही मन प्रसन्न सप्ताहाच्या फलकांवर लिहितात. एकानेही तिचा अंगठासुद्धा हलला नाही. ऊन भिंतीवर चढलं. ती पडूनच होती.

शेवटी उठली ती बाथरूमला जायची घाई झाली म्हणून. झालं. एवढंच. यावर कोणाला भाषण करायचं असेल तर खुशाल करावं.

पण उठलीच होती, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. आई टेबलाशी बसली होती, तोंड घट्ट मिटून, न बोलायच्या कष्टाने लाल झालेली. तिने एका हाताने कपात चहा ओतला, अर्धा बशीत, थोडा टेबलावर, उरलेला कपात.

‘मी काही म्हणाले नाही हं,’ आई म्हणाली.

‘ऐकलं. सगळ्या मजल्यांनी ऐकलं.’

भिंगरीने गोळी घेतली, बशीतला चहा प्यायली आणि परत जाऊन पडली. आईने तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्या आयुष्यातलं हे सर्वांत कठीण काम असावं.

दुपारी भिंगरी निघाली. केस विंचरलेले नव्हते, पण विंचरलेल्या केसांवर गुण देत नाहीत. आई दारापर्यंत आली, स्वतःच्या पायांवर, आणि चौकट धरून उभी राहिली. ती गेल्यावर आई खिडकीशी जाणार, बस येईपर्यंत बघणार, आणि संध्याकाळी ‘मी कुठे बघत होते?’ म्हणणार, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

‘जाते,’ ती म्हणाली.

‘जा,’ आई म्हणाली. मग राहवलं नाही. ‘उद्या?’

‘उद्याचं उद्या बघू,’ भिंगरी म्हणाली, आणि जिना उतरायला लागली, कारण लिफ्ट काही आली नाही.